संगणकाचा इतिहास वाचायचा तर पुस्तकं जोडीनं घ्या

प्रश्न असा आहे: कोडिंग येतं, नोकरी सॉफ्टवेअरची, राहणं मुंबईत. संगणकाचा आणि एकूणच तंत्रज्ञानाचा इतिहास वाचायचाय, पण यादी मागितली की पन्नास नावं समोर येतात. सुरुवात कुठून करायची, काय टाळायचं, आणि भारताबद्दल धड काही मिळतं का?

पहिल्या वर्षाला आठ-दहा पुस्तकं पुरतात. फक्त ती सुटी सुटी वाचू नका. एका विषयाला दोन घ्या. एक, ज्यात प्रत्यक्ष काम केलेल्या माणसांचा आवाज आहे, म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेलं किंवा त्यांच्या मुलाखतींवर उभं असलेलं. दुसरं, इतिहासकाराने कागदपत्रं उपसून लिहिलेलं. या क्षेत्रातल्या बहुतेक दंतकथा पहिल्या प्रकारात जन्माला येतात आणि दुसऱ्या प्रकारात पकडल्या जातात. मात्र नुसती दुसऱ्या प्रकारची पुस्तकं लागोपाठ वाचली तर दोन महिन्यांत वाचन बंद पडतं, हेही तितकंच खरं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण एनिॲक, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बांधायला घेतलेला इलेक्ट्रॉनिक संगणक. हर्मन गोल्डस्टाइन यांचं 'द कॉम्प्युटर फ्रॉम पास्कल टू फॉन नॉयमन' १९७२ साली आलं. गोल्डस्टाइन अमेरिकन लष्करातर्फे एनिॲक प्रकल्पावर होते आणि युद्धानंतर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्याबरोबर प्रिन्स्टनला काम करत होते. म्हणजे साक्षीदार पक्का, पण तटस्थ मुळीच नाही. प्रोग्राम मेमरीतच साठवायची कल्पना कोणाची, यावरून पुढे जे भांडण पेटलं त्यात ते एका बाजूचे होते. एडव्हॅक या एनिॲकनंतरच्या नियोजित यंत्रावरचा जून १९४५ मधला 'फर्स्ट ड्राफ्ट' हा अहवाल एकट्या फॉन नॉयमन यांच्या नावाने वाटला गेला, आणि तो वाटणारे गोल्डस्टाइनच होते. यंत्र प्रत्यक्ष बांधणारे एकर्ट आणि मॉकली यांना ही गोष्ट कायम सलत राहिली. त्यांची बाजू स्कॉट मॅकार्टनी यांनी १९९९ च्या 'एनिॲक' या पुस्तकात जोरात मांडली. ते वाचायला सोपं आहे, पण वकिलाने लिहावं तसं एका अंगाला कललेलं आहे.

ही दोन्ही वाचून झाल्यावर थॉमस हेग, मार्क प्रीस्टली आणि क्रिस्पिन रोप यांचं 'एनिॲक इन ॲक्शन' हातात घ्या. हे २०१६ चं आहे. 'पहिला कोण' हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि विचारलं की हे यंत्र दिवसभर करत काय होतं? कोण वायरी लावायचं, कोणते प्रश्न सोडवले गेले, किती वेळ ते बंद पडलेलं असायचं? त्यातून निघालेली माहिती भांडणापेक्षा कितीतरी रोचक आहे. १९४८ च्या वसंतात एनिॲकची जुळणी बदलून, फंक्शन टेबलांच्या, म्हणजे आकडे मांडायच्या फलकांच्या, स्विचवर मांडलेला कोड क्रमाने चालवायची सोय केली गेली आणि त्यावर अणुविखंडनाची माँटे कार्लो, म्हणजे यादृच्छिक आकड्यांच्या पद्धतीची, गणितं झाली. त्यांच्या कोडिंगमध्ये जॉन यांच्या पत्नी क्लारा फॉन नॉयमन यांचा मोठा वाटा होता. साठवलेला प्रोग्राम चालवणारं पहिलं म्हणून ज्याचं नाव घेतात ते मँचेस्टरचं 'बेबी' हे यंत्र चाललं २१ जून १९४८ ला. आता 'साठवलेला प्रोग्राम चालवणारा पहिला संगणक कोणता' याचं उत्तर तुम्ही 'साठवलेला' कशाला म्हणता यावर अवलंबून राहतं. तिन्ही पुस्तकं वाचलेल्या माणसाला हे आपोआप समजतं, एकच वाचलेला मात्र वाद घालत बसतो.

याच उदाहरणातून दुसरा नियम निघतो: पुस्तकाचं साल बघा. आपण कोड वाचताना आवृत्ती बघतो तसंच. गोल्डस्टाइन यांच्या पुस्तकात ब्रिटिशांचं युद्धकाळात सांकेतिक संदेश फोडणारं कोलोसस नाही, कारण ते यंत्र १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गुप्त होतं. एनिॲकचं पेटंट रद्द करणारा अमेरिकन न्यायालयाचा निकालही पुस्तकानंतरचा, ऑक्टोबर १९७३ चा. त्यात अटानासॉफ यांच्या आधीच्या यंत्राला महत्त्व मिळालं. त्यामुळे १९७५ पूर्वीचं कुठलंही 'संपूर्ण इतिहास' म्हणवणारं पुस्तक या दोन बाबतींत अपुरंच असणार. त्यात लेखकाचा दोष नाही, पण तुमच्या हातात पहिलं पुस्तक म्हणून ते नको.

आता सुरुवात. यंत्र आतून कसं चालतं हे अंगवळणी पडल्याशिवाय इतिहास म्हणजे नुसती नावं आणि सनावळ्या होतात. सॉफ्टवेअरवाल्यांचं इथेच अडतं. पायथन येतं, पण एक बिट प्रत्यक्षात कुठे 'बसतो' हे डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून पहिलं पुस्तक चार्ल्स पेटझोल्ड यांचं 'कोड'. काटेकोर अर्थाने हा इतिहास नाही, पण मांडणी इतिहासाच्या क्रमाने आहे: मोर्स, ब्रेल, तारायंत्राचे रिले (विजेने चालणारे स्विच), लॉजिक गेट, बेरजेचं सर्किट, मेमरी, प्रोसेसर. दुसरी आवृत्ती २०२२ ची आहे, तीच घ्या, प्रोसेसरचा भाग तिच्यात जास्त नीट उलगडलाय. हे पुस्तक लोकलमध्ये उभ्याने वाचू नका, कागद-पेन्सिल लागते.

यात हमखास अडायची जागा म्हणजे फीडबॅक आणि फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एक बिट धरून ठेवणारं सर्किट. चार वेळा वाचूनही जे डोक्यात शिरत नाही ते तासाभरात हाताने करता येतं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा आणि ५ व्होल्टचा डीपीडीटी, म्हणजे संपर्काचे दोन संच असलेला, रिले मागा. मोजून आठ पायांचा हवा. दुकानदार बहुधा पाच पायांचा चौकोनी निळा रिले पुढे करतो, त्यात संपर्काचा एकच संच असतो. सोबत दोन पुश-बटणं घ्या, एक दाबल्यावर जोडणारं, एक दाबल्यावर तोडणारं. एक एलईडी, ३३० ओहमचा एक रेझिस्टर, १एन४००७ डायोड एक. वीजपुरवठ्याला जुना मोबाइल चार्जर चालतो, कॉइलला पाऊणशे मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी करंट लागतो.

जोडणी अशी: ५ व्होल्ट आधी तोडणाऱ्या बटणातून न्या. तिथून दोन समांतर वाटा काढा, एक जोडणाऱ्या बटणातून, दुसरी रिलेच्या पहिल्या संचाच्या कॉमन आणि नॉर्मली ओपन (एरवी न जोडलेलं) टोकांतून. दोन्ही वाटा एकत्र करून कॉइलला द्या, कॉइलचं दुसरं टोक ग्राउंडला. डायोड कॉइलच्या दोन टोकांवर आडवा, पट्टी असलेली बाजू धन टोकाकडे. एलईडी रेझिस्टरसकट दुसऱ्या संचातून. जोडणारं बटण दाबून सोडा, दिवा लागलेलाच राहतो. दुसरं दाबलं की विझतो. ही झाली एका बिटची मेमरी. डायोड उलटा लागला तर बटण दाबताच शॉर्ट होतं आणि चार्जर मान टाकतो. रिले नुसता कुरकुरत राहिला तर समजा की तुम्ही नॉर्मली ओपनऐवजी नॉर्मली क्लोज्ड टोक वापरलंय. ते लगेच सोडवू नका, दोन मिनिटं ऐका, कारण तुम्ही नकळत ऑसिलेटर, म्हणजे आपोआप चालू-बंद होत राहणारं सर्किट, बनवलाय आणि पुस्तकात पुढे त्यावरूनच क्लॉकची गोष्ट येते.

मुंबईकराला याचा एक संदर्भ जवळचा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) बांधलेल्या टिफ्रॅक या संगणकाची मेमरी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती. म्हणजे ८१,९२० बिट, चुंबकीय कड्यांत साठवलेले. तुमच्या टेबलावरचा एक बिट डोळ्यांसमोर ठेवून हा आकडा वाचला की त्या काळच्या प्रोग्रामरने प्रत्येक शब्द का वाचवला हे वेगळं सांगावं लागत नाही.

यानंतर एक सलग इतिहास वाचा. मार्टिन कॅम्पबेल-केली आणि विल्यम ॲस्प्रे यांचं 'कॉम्प्युटर: अ हिस्टरी ऑफ द इन्फर्मेशन मशीन' पहिल्यांदा १९९६ साली आलं. पुढच्या आवृत्त्यांत सहलेखक वाढत गेले, चौथी आवृत्ती २०२३ ची. या पुस्तकाची खरी ताकद पहिल्या तृतीयांशात आहे. संगणकाची वंशावळ ते एकोणिसाव्या शतकात गणनयंत्राची कल्पना मांडणाऱ्या बॅबेजपाशी थांबवत नाहीत, तर ऑफिसातल्या यंत्रांपर्यंत नेतात: रेमिंग्टनचा टाइपरायटर, बरोजचं बेरीजयंत्र, एनसीआरचं कॅश रजिस्टर, १८९० च्या अमेरिकन जनगणनेसाठीची हॉलेरिथची पंचकार्ड यंत्रं. आयबीएम संगणकात पुढे का गेली, याचं उत्तर इथे मिळतं: तिच्याकडे विक्रेते, ग्राहक आणि कार्डांची सवय तिन्ही आधीपासून होती. शेवटची प्रकरणं मात्र घाईघाईची वाटतात. तिथे थांबलात तरी चालेल.

त्याच्या जोडीला हेग आणि पॉल सेरुझी यांचं 'अ न्यू हिस्टरी ऑफ मॉडर्न कॉम्प्युटिंग', २०२१ चं. सेरुझींचं आधीचं पुस्तक १९९८ चं, हे त्याचं जवळजवळ नव्याने केलेलं लेखन. मांडणी पिढ्यांची नाही, वापरकर्त्यांची आहे. शास्त्रज्ञांचं साधन, हिशेबाचं यंत्र, नियंत्रणाचं यंत्र, संपर्काचं माध्यम असं प्रत्येक प्रकरणात संगणक काहीतरी नवं 'होतो'. माहिती ठासून भरलीय, एका पानात सात-आठ यंत्रांची नावं येतात. हे सलग वाचायचं पुस्तकच नव्हे. एखादं सोपं पुस्तक वाचताना त्याच विषयाचं प्रकरण इथे उघडा. आठवड्याला ऐंशी-शंभर पानांचा वेग ठेवला तर दोन्ही मिळून अडीच-तीन महिने जातात.

मग जोड्या. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेवर दोन पुस्तकं आहेत. डग्लस स्मिथ आणि रॉबर्ट अलेक्झांडर यांचं 'फंबलिंग द फ्यूचर', १९८८ चं, आणि मायकल हिल्ट्झिक यांचं 'डीलर्स ऑफ लाइटनिंग', १९९९ चं. पहिल्याने एक ठाम गोष्ट रुजवली: १९७३ साली ऑल्टो हा एका माणसाने वापरायचा संगणक बनवूनही झेरॉक्सने पर्सनल कॉम्प्युटरची संधी घालवली. आजही मॅनेजमेंटच्या वर्गात हेच सांगतात. हिल्ट्झिक तपशिलात गेले आणि चित्र गुंतागुंतीचं झालं. तिथेच घडलेल्या लेझर प्रिंटरने कंपनीला भरपूर पैसा मिळवून दिला, आणि ऑल्टोची किंमत बघता तो त्या वेळी घराघरांत कसा विकला असता, हा प्रश्न पहिल्या पुस्तकात नीट विचारलेलाच नाही. क्रम उलटा करू नका, आधी १९८८ चं आणि मगच हिल्ट्झिक. नाहीतर खोडून काढलेलं काय होतं तेच कळत नाही.

इंटरनेटसाठी केटी हॅफनर आणि मॅथ्यू लायन यांचं 'व्हेअर विझर्ड्स स्टे अप लेट', १९९६ चं, आणि जॅनेट अबाटे यांचं 'इन्व्हेंटिंग द इंटरनेट', १९९९ चं. पहिलं भराभर वाचून होतं. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री 'लॉगिन' टाइप करताना दोनच अक्षरं पोचली आणि समोरचं यंत्र कोसळलं, हे त्यात रंगवून आलंय. अबाटे यांच्या पुस्तकात निर्णय कोणी, का घेतले हे आहे. प्रोटोकॉलच्या समित्यांची पानं कोरडी आहेत, पण आजच्या नेटवर्कचे अर्धे विचित्रपणे तिथूनच आलेत. पार्श्वभूमी हवी असेल तर मिचेल वॉल्ड्रॉप यांचं 'द ड्रीम मशीन'. नेटवर्कच्या संशोधनाला दिशा देणाऱ्या लिकलायडर या एका माणसाभोवती पूर्ण कालखंड गुंफलाय. जाडजूड आहे, सुट्टीत काढा.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ब्रायन कर्निगन यांचं २०१९ चं 'युनिक्स: अ हिस्टरी अँड अ मेम्वार' पुरेसं आहे. हा आतल्या माणसाचा आवाज. त्याला जोड म्हणून लोक जॉन गर्टनर यांचं 'द आयडिया फॅक्टरी' सुचवतात, कारण दोन्ही बेल लॅब्ज या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेबद्दल आहेत. गर्टनर वाचाच, पण त्यांचा भर ट्रान्झिस्टर, माहितीचा गणिती सिद्धांत मांडणारे शॅनन आणि टेलिफोन कंपनीच्या मक्तेदारीवर आहे. एवढ्या निवांतपणे संशोधन करायला पैसा कुठून यायचा, हे त्यातून समजतं. युनिक्स शोधायला गेलात तर हिरमोड होईल.

एकटं वाचलं तरी चालेल असं एकच नाव देतो: ट्रेसी किडर यांचं 'द सोल ऑफ अ न्यू मशीन', १९८१ चं, पुलित्झर मिळालेलं. डेटा जनरल कंपनीत ३२ बिटांचा मिनी संगणक बनवणाऱ्या चमूची ही हकीकत. लेखक इंजिनिअर नव्हता, आणि म्हणूनच त्याने मायक्रोकोड, वेळेत न येणारा सिग्नल, लॉजिक ॲनलायझरसमोर काढलेल्या रात्री हे सगळं विचारून विचारून समजून घेतलं. डेडलाइनखाली वाकलेल्या कुणालाही हे आजचंच वाटेल. कर्जत-कसाऱ्याच्या गाडीत बसायला जागा मिळत असेल तर प्रवासासाठी याहून चांगलं पुस्तक नाही. फ्रेड ब्रूक्स यांचं १९७५ चं 'द मिथिकल मॅन-मंथ' त्यानंतर वाचलं तर अधिक पोचतं. लोक ते व्यवस्थापनाचं पुस्तक म्हणून वाचतात. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या फसलेल्या वेळापत्रकाचा तो प्रत्यक्षदर्शी जबाब आहे.

अनोळखी पुस्तक दुकानात हाती आलं तर दहा मिनिटांत पारखायची पद्धत सांगतो. शेवटची सूची उघडा. कोलोसस आणि जर्मनीत संगणक बांधणारे झूझ ही नावं आहेत का? नसतील तर पुस्तक फक्त अमेरिकेचं आहे. इंटेल ४००४ च्या पानावर जा. १९७१ ची ही मायक्रोप्रोसेसर चिप, २,३०० ट्रान्झिस्टरची. तिथे फॅजिन, हॉफ आणि मेझर यांच्याबरोबर मासातोशी शिमा आणि बिझिकॉम ही जपानी कॅल्क्युलेटर कंपनी आली पाहिजे. नुसते हॉफ असतील तर लेखकाने जाहिरातीवरून लिहिलंय. इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट अणुहल्ल्यातून वाचण्यासाठी बांधलं असं बेधडक लिहिलंय का? तो विचार रँड या अमेरिकन संशोधन संस्थेतल्या पॉल बॅरन यांच्या कामाचा होता, अर्पानेटचा हेतू महागडे संगणक दूरवरून वाटून वापरणं हा होता. आयबीएमच्या वॉटसन यांच्या तोंडी 'जगाला पाच संगणक पुरेत' हे वाक्य घातलंय का? ते त्यांनी म्हटल्याचा पुरावा नाही. यातल्या दोन कसोट्यांत नापास झालं तर पुस्तक परत ठेवा. आणि मागे टिपाच नसतील तर गोष्ट म्हणून खुशाल वाचा, पण चर्चेत आधार म्हणून काढू नका.

सगळे ज्यांची नावं पहिल्यांदा घेतात त्यांच्याबद्दल थोडं. वॉल्टर आयझॅकसन यांचं 'द इनोव्हेटर्स' सुबोध आहे, पण व्यक्तींच्या जोड्यांमधून इतिहास सरकतो असा त्याचा घाट आहे. सरकारी पैसा, कारखाने, ग्राहक मागे राहतात. तिसरं-चौथं पुस्तक म्हणून ठीक. जॉर्ज डायसन यांचं 'ट्युरिंग्ज कथीड्रल' फॉन नॉयमन यांच्या प्रिन्स्टनच्या यंत्राबद्दल आहे. सुंदर, पण विषयांतरं इतकी की नवखा वाट चुकतो. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगवर अँड्र्यू हॉजेस यांचं १९८३ चं चरित्र अजूनही पहिलं. लेखक स्वतः गणिती असल्यामुळे काय गणता येतं आणि काय नाही यावरच्या ट्युरिंगच्या १९३६ च्या निबंधाचा भाग त्यात खरोखर समजावलेला आहे. त्याच्यावर बेतलेला सिनेमा पाहिला असेल तर त्यातलं एनिग्मा हे जर्मन सांकेतिक यंत्र फोडण्याचं चित्र बाजूला ठेवा, पोलिश गणितज्ञांचं आधीचं काम तिथे जवळपास दिसतच नाही. क्रिस मिलर यांचं 'चिप वॉर', २०२२ चं, आजच्या बातम्या समजायला उत्तम. त्याचा गाभा मात्र राजकारण आणि व्यापाराचा आहे. आणि मार हिक्स यांचं 'प्रोग्रॅम्ड इनइक्वॅलिटी' सहसा कुणाच्या यादीत नसतं, ते तुमच्या यादीत घ्या. ब्रिटनने संगणक चालवणाऱ्या अनुभवी बायकांना पद्धतशीरपणे बाजूला केलं आणि त्यात स्वतःच्याच उद्योगाचं नुकसान कसं करून घेतलं, याची सरकारी फायलींतून काढलेली हकीकत आहे ती.

आता भारत. बऱ्याच जणांना वाटतं की आपला संगणक-इतिहास १९९१ पासून किंवा बंगळुरूपासून सुरू होतो. पहिला संगणक १९५५ साली कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. मुंबईत टिफ्रॅकचं प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये चाललं, पूर्ण यंत्र १९६० मध्ये, आणि त्याचं नामकरण १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी केलं. १९६१ च्या सुमारास एसो या तेलकंपनीने मुंबईत आयबीएम १४०१ बसवला. १९६४ मध्ये टीआयएफआरला सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि देशभरातले संशोधक कार्डांचे गठ्ठे घेऊन कुलाब्याला येऊ लागले. टीसीएस १९६८ ची, अंधेरीचं सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ चं, जुहूचं एनसीएसटी हे सरकारी सॉफ्टवेअर संशोधन केंद्र १९८५ चं. हा सगळा पट आपल्या शहरात आहे आणि त्यावर वाचायलाही बरंच आहे.

आधी व्ही. राजारामन यांचा 'हिस्टरी ऑफ कॉम्प्युटिंग इन इंडिया' हा छोटा ग्रंथ. १९५५ ते २०१० चा आढावा, पीडीएफ मोफत मिळते, दोन संध्याकाळी पुरतात. सनावळी आणि धोरणं त्यातून पक्की करून घ्या. मग दिनेश शर्मा यांचं 'द लाँग रेव्होल्यूशन', २००९ चं. त्याचीच सुधारित आवृत्ती २०१५ मध्ये 'द आउटसोर्सर' नावाने निघाली. दोन्ही घेऊ नका, नंतरचं घ्या. आयटी उद्योग सरकारमुळे की सरकार असूनही, या वादातली दोन्ही बाजूंची सामग्री त्यात आहे.

आयबीएम भारतातून का गेली, हे प्रकरण जोडीनं वाचायला फार चांगलं. चहाच्या टपरीवरचं उत्तर ठरलेलं: जॉर्ज फर्नांडिसांनी हाकलली. जोसेफ ग्रिएको यांचं १९८४ चं 'बिट्वीन डिपेंडन्सी अँड ऑटोनॉमी' वाचलं की दिसतं, प्रकरण बरंच आधीपासून शिजत होतं. १९७३ च्या फेरा कायद्याने परकीय मालकीला ४० टक्क्यांची मर्यादा घातली. आयबीएमला पूर्ण मालकी सोडायची नव्हती, आणि तिकडे सरकारची तक्रार होती की कंपनी इथे जुनी, दुरुस्त केलेली १४०१ यंत्रं भाड्याने देते. १९७८ पर्यंत हे ताणलं गेलं. ग्रिएकोंची भाषा राज्यशास्त्राची, सिद्धांताची प्रकरणं ओलांडून थेट भारताच्या वाटाघाटींवर जा. तोच काळ शर्मांकडे माणसांच्या तोंडून ऐकायला मिळतो.

रॉस बॅसेट यांचं 'द टेक्नॉलॉजिकल इंडियन', २०१६ चं, एमआयटीत शिकलेल्या भारतीयांचा माग काढतं. मराठी वाचकाला सुरुवातीचा भागच खिळवून ठेवतो, कारण तो १८८० च्या दशकातल्या पुण्याच्या 'मराठा' साप्ताहिकापाशी सुरू होतो. टीसीएसवर एस. रामदुराई यांचं 'द टीसीएस स्टोरी' आहे. आतल्या माणसाचं आणि कंपनीच्या माजी प्रमुखाचं, त्यामुळे शर्मा शेजारी ठेवूनच वाचा. टिफ्रॅकसाठी आर. के. श्यामसुंदर आणि एम. ए. पै यांनी संपादित केलेला 'होमी भाभा अँड द कॉम्प्युटर रेव्होल्यूशन' हा लेखसंग्रह. लेखांचा दर्जा वरखाली आहे, यंत्र बांधलेल्या पिढीच्या आठवणी आधी वाचा. कलकत्त्याची बाजू निखिल मेनन यांच्या 'प्लॅनिंग डेमॉक्रसी' मध्ये, सांख्यिकी संस्थेचे संस्थापक महालनोबिस आणि नियोजनाच्या संदर्भात.

एक धागा मात्र कुठल्याच एका पुस्तकात पूर्ण सापडत नाही, तो स्वतः जोडावा लागतो: यंत्राला झालेला विरोध. १९६० च्या दशकात एलआयसीच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध मोठं आंदोलन केलं. पुढे स्वयंचलनावर केंद्र सरकारने वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, अहवाल १९७२ चा. शर्मांकडे हा भाग आहे. पण मुंबईत हीच झुंज चाळीस वर्षं आधी झाली होती. १९२८ च्या गिरणी संपामागे एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत ही योजना होती. राजनारायण चंदावरकर यांचं 'द ओरिजिन्स ऑफ इंडस्ट्रियल कॅपिटॅलिझम इन इंडिया' आणि मीना मेनन व नीरा आडारकर यांचं गिरणगावच्या मुलाखतींचं 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' ही इथली जोडी. एलआयसीचं आंदोलन त्यानंतर वाचा, 'अडाणी लोकांनी प्रगती अडवली' हे सोपं उत्तर टिकत नाही.

संगणकाबाहेरच्या तंत्रज्ञानासाठी डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड', २००६ चं. शोधांच्या तारखा सोडून वापराकडे बघायला शिकवतं. त्याचा भारतीय जोडीदार म्हणजे डेव्हिड अर्नोल्ड यांचं 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी': सायकल, शिवणयंत्र, टाइपरायटर आणि भाताची गिरणी, एवढ्या चार यंत्रांवर उभं असलेलं पुस्तक.

मराठीत कागदपत्रांवर आधारलेला संगणकाचा स्वतंत्र इतिहास कमीच. अच्युत गोडबोले यांचं 'मुसाफिर' हे आत्मचरित्र उद्योगाच्या वाढत्या काळातल्या आतल्या माणसाचा आवाज म्हणून उपयोगी आहे. विश्वकोशाच्या नोंदी ऑनलाइन मोफत आहेत, संज्ञा समजून घ्यायला चांगल्या. पण खरा ठेवा जुना आहे. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन', १८६३ चं. बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटून जेमतेम दहा वर्षं झाली होती तेव्हा आगगाडी, तारायंत्र आणि गिरण्या मराठी माणसाला कशा दिसल्या, हे त्यात ताजं आहे.

मिळवायचं कुठे? अमेरिकन विद्यापीठ प्रकाशनांची बांधीव प्रत महाग पडते, म्हणून आधी भारतीय किंवा कागदी बांधणीची आवृत्ती आहे का ते बघा. शर्मा, निखिल मेनन, रामदुराई यांच्या भारतीय आवृत्त्या निघाल्या आहेत. जुनी, छपाई थांबलेली पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर तासाभरासाठी उसनी मिळू शकतात. 'फर्स्ट ड्राफ्ट' मोफत आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या चार्ल्स बॅबेज इन्स्टिट्यूटच्या मुलाखती मोफत आहेत, आणि भारतीय आयटीतल्या मंडळींच्या चित्रित मुलाखती 'इतिहासा' ॲपवर. फोर्टच्या एशियाटिक सोसायटीत मुंबईवरची जुनी पुस्तकं, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात मराठी. टीआयएफआर किंवा आयआयटीच्या ग्रंथालयात जायचं तर आधी लिहून परवानगी विचारा, थेट गेटवर जाऊन उपयोग नसतो.

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे आणि फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर नीट शोधलं तर किडर, ब्रूक्स अशी पुस्तकं निघतात. घेताना आवृत्तीचं पान बघा, मग मधली फोटोंची पानं, मग सूची. खपाऊ नावांच्या नकली प्रती तिथे भरपूर असतात: फोटो काळे, ओळी तिरक्या, कधी सोळा पानांचा फर्माच गायब. कादंबरी असती तर चालवून घेतलं असतं, पण आकृत्यांवर चालणारं 'कोड' तसल्या प्रतीत वाचणं अशक्य आहे.